मायचा कापूस आणि तुझा आकडा

भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी खोड जुनीच, उत्तम. मुद्दा अंगाशी आला की "चाल, चहा घेऊ" म्हणून तू निघायचास आणि मी हातात खडू घेऊन फळ्यासमोर एकटाच उभा. पण निदान चहा पिऊन परत तरी यायचास. या खेपेला रजा टाकून अनसिंगला गेलास, आणि गेल्या आठवड्यात तुझ्या मायनं मला तुझ्या फोटोसमोर बसवून चहा दिला. हे काही बरं केलं नाहीस. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. ज्यांनी तुझ्यासोबत प्रयोगशाळेच्या एका खोलीत वर्षानुवर्षं काम केलं नाही, त्यांनी मला शिकवू नये.

साहेबांनी मला शोकसभेसाठी चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. जन्म वाशिमजवळ अनसिंगला, शिक्षण नागपूरला, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ! तू! स्टोअरच्या माणसाला एका काचेच्या नळीसाठी तू रडकुंडीला आणलं होतंस, ते काय साहेबांना माहीत नाही? मी कागद परत केला. ते दुसरं कुणी वाचेल. मला सभेशी नाही, तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तेही एकाच गोष्टीवर. तुझा आकडा खरा की माझा, हा आपला वाद निकालात निघाला आहे. तू होतास तेव्हाच निघाला होता. तरी तुला ठाऊक नाही, आणि त्यामुळं मला धड जेवण जात नाही.

कसला आकडा, ते तुझ्या मायनंही विचारलं. "दिगांबर, तुमी दोघं तथी हैदराबादले करत काय होते ते एकदा नीट सांग बाप्पा. तो सांगे तं मले काई समजे नाही." खरं आहे तिचं. तू समजावायला बसलास की समोरच्याला पळून जावंसं वाटायचं. मी तिला सांगितलं, माय, स्फटिकाची एक कांडी असते, गोधडी शिवायच्या सुईएवढी. तिच्याभोवती लख्खकन पेटणारा दिवा. दिव्याचा उजेड कांडीत शिरला की आत दुसराच उजेड तयार होतो, आणि तो बाजूच्या भिंतींना आपटत आपटत आतच राहतो, पाटातलं पाणी पाटात राहावं तसा. टोकाला आला की एका धारेत बाहेर पडतो. त्याला लेसर म्हणतात. आमचा तर डोळ्यांना दिसतही नाही, मीटरची सुई हलली की आहे म्हणायचं. आत किती घातला आणि बाहेर किती आला, एवढाच सगळा प्रश्न. किती यायला पाहिजे ते उत्तम कागदावर काढायचा. किती येतो ते मी मोजायचो.

"म्हंजे तो अंदाज करे आन् तू मापून पाहे," माय म्हणाली.

अंदाज म्हटलेलं ऐकून तू उखडला असतास. दिव्यातला किती उजेड वाया जातो, कांडी तापली की काय होतं, भिंतीवरून उजेड कसा उलटतो, सगळं धरून तू पानंच्या पानं समीकरणं मांडलेली. मग ती कार्डांवर छिद्रं पाडून घ्यायचास आणि संगणकाची वेळ मिळावी म्हणून तो गठ्ठा काखेत मारून रांगेत उभा राहायचास, दवाखान्यात केसपेपर घेऊन उभं राहावं तसा. पण मी मायला "हो" म्हणालो. टोकायला तू नव्हतास.

आपली ओळखही आरडाओरड्यातूनच झाली. मी नवाच रुजू झालो होतो. व्हरांड्यात कुणीतरी हिंदीत तावातावानं बोलत होतं, आणि त्या हिंदीत मधेच "अबे पन काहून?" असं आलं. हैदराबादेत काहून! मी जागच्या जागी थांबलो.

"कोन्या गावचा बे तू?" मी विचारलं.

"अनसिंग. तू?"

"मंगरूळपीर."

"दर्ग्याकडचा का बसस्टँडकडचा?" तू असं विचारलंस की जणू मी उत्तर दिल्याशिवाय मला नोकरीच मिळणार नव्हती. त्या दिवसापासून साहेबांसमोर इंग्रजी, शिपायांशी हिंदी, एकमेकांशी पुस्तकातली मराठी, आणि भांडण पेटलं की वऱ्हाडी असा आपला कायदा झाला. बाहेरून जाणारे आवाजावरून ओळखायचे की आज आत जायचं नाही.

अहवालावर नाव आधी कुणाचं, यावर तर आपण काम सुरू व्हायच्या आधीपासून भांडलो. मी म्हणे वयानं, तू म्हणे आडनावाच्या अक्षरानं. शेवटी तूच तोडगा काढलास. "ज्याचा आकडा खरा, त्याचं नाव आधी. मान्य?" मी हातावर हात मारला. साहेब हसले, म्हणाले, "आकडे जुळले तर?" तू म्हणालास, "तर दिग्याचं आधी, सर. उभं राहून काम तोच करतो." असा तू. भांडायचं हाडवैऱ्यासारखं आणि मधेच असलं काहीतरी बोलून माणसाला गप्प करायचं.

आणि मग तो कापूस.

कांडीची दोन्ही टोकं आरशासारखी घासलेली असतात. त्यांच्यावर धूळ चालत नाही, बोट चालत नाही. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं ती हलक्या हातानं पुसायची. स्टोअरमधून आलेल्या कापसात काहीतरी खरखरीत होतं आणि एका कांडीला चरा पडला. किती वाट पाहून मिळालेली कांडी होती ती! तू तो बोळा उचललास आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलास. "सर, हा कापूस नाही, काथ्या आहे. आमच्या गावचं गाढवसुद्धा याच्यावर लोळणार नाही."

पुढच्या सुटीवरून येताना डालड्याच्या डब्यात घरचा कापूस घेऊन आलास. मायनं एकेका बोंडातून हातानं सरकी काढलेला, कचरा वेचलेला, बोटांनी पिंजलेला. उशा भरायला ती असा करायची. मी डब्यात हात घातला आणि मला देवघरापुढं मांडीवर वाती वळत बसलेली माझी आई आठवली. तू माझ्या तोंडाकडं पाहत होतास. "आता बोल," म्हणालास, "आहे का असा तुह्या इंग्लंड-अमेरिकेत?" आपण दोघं कापसाच्या मुलखातले. आपल्याला कापूस कोण शिकवणार? साहेब तेलुगू मुलखातले, त्यांनीही बोटांत धरून मान डोलावली. त्यानंतर आपल्या खोलीत दुसरा कापूस आला नाही. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या शेतात बोंड धरलं नाही, तेव्हा मायनं घरातली उशी उसवली आणि त्यातला कापूस पाठवला. तू ते मला कौतुकानं सांगितलंस.

त्या कापसानं आपण कांडी पुसत गेलो आणि सुई खाली जात गेली.

तुझा कागद सांगायचा इतकं, आणि मीटर दाखवायचं त्याच्या निम्मं. मी दिवा बदलला. आरसे पुन्हा बसवले. मीटर दुसऱ्या खोलीतल्या मीटरशी ताडून पाहिलं. मग तू म्हणायचास, "टोकं पुसली का?" मी पुन्हा पुसायचो, जपून, चांगला मोठा बोळा घेऊन. सुई आणखी जराशी खाली. तेव्हा हे आपल्याला दिसत होतं रे! रोज समोर दिसत होतं. पुसल्यावर आकडा उतरतो म्हणजे काय, हे विचारावं असं दोन शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. घरून आलेल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

त्यावरून झालेलं ते शेवटचं मोठं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. साहेबांना अहवाल हवा होता. तू फळ्यावर माझा आकडा लिहिलास आणि त्याच्याभोवती गोल काढलास.

"तुही सुई खोटी हाये."

"माही सुई खोटी? चार मीटरं लावून पाह्यले मी. तुहं गणितच लाडावलेलं हाये. कांडीचं भिताड गळून राह्यलं कुठंतरी, ते तू धरूनच नाही राह्यला."

"भिताड नाही गळत. मी सांगतो ना, नाही गळत."

"मंग उजेड जाते कुठं? तू खाते का त्याले?"

तू हसला नाहीस. मी हसवायला म्हणालो होतो. तू डस्टर घेऊन तुझं स्वतःचं समीकरण अर्धं पुसलंस आणि तिथं एक नवं अक्षर घातलंस. भिंतीतून होणारी गळती. तिला कुठला आधार नव्हता, किंमत तेवढी माझ्या आकड्याशी जुळेल अशी. आता दोन्ही बरोबर आले. साहेबांनी विचारलं, ही गळती कुठून आणली? तू म्हणालास, "सर, दिग्याचा हात चुकत नाही. म्हणजे माझंच काहीतरी राहिलं असणार."

मी तेव्हा खूश झालो होतो, उत्तम. भांडण जिंकल्यावर माणूस होतो तसा खूश. माझ्या हातावर तुझा इतका भरवसा नसता, तू नेहमीसारखा हट्टाला पेटला असतास, शिव्या घातल्या असत्यास, तर बरं झालं असतं. एवढ्या जन्मात एकदाच माघार घेतलीस आणि तीही नको तिथं.

पण ती गळती तुझ्या मनाला पटली नव्हती. जेवताना ताटात बोटानं रेघोट्या ओढायचास. कार्डांचा गठ्ठा पुन्हा बांधायला घेतलास. मग डब्यातला कापूस सरत आला, आणि गावी वेचणी सुरू झाली होती. म्हणालास, "रजा टाकतो. भावाले वेचणीले मदत होईन, मायले भेटीन, नवा कापूस घेऊन येतो. तवरिक तू कांडीले हात नको लावू." मी कसला हात न लावतोय! तू गेलास आणि मी डबा उघडला, तळाशी चिमूटभर उरला होता. आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून मी पट्टीच्या कापसाचं भेंडोळं मागून आणलं. निळ्या कागदात गुंडाळलेला, औषधाच्या वासाचा. त्यानं टोकं पुसली. दिवा लावला.

सुई वर गेली.

मला वाटलं, मीटर बिघडलं. पुन्हा पुसलं, आणखी वर. पुन्हा पुसलं. ती तुझ्या आकड्यापाशी जाऊन थांबली, उत्तम. गळतीचं अक्षर घालायच्या आधीच्या आकड्यापाशी. मी खुर्चीवर बसलो. मग एका पेल्यात पाणी घेतलं, त्यात दवाखान्याचा बोळा टाकला, तो टपकन बुडाला. डब्यातला मायचा चिमूटभर टाकला, तो वर तरंगत राहिला. बोटानं दाबला तरी वर. घरच्या कापसात त्याचं अंगचं मेण असतं, लेका. दवाखान्याचा कापूस धुऊन उकळून ते काढलेलं असतं, म्हणून तर तो जखम टिपतो. ॲसिटोनमध्ये ते मेण सुटायचं, आणि आपण स्वतःच्या हातानं ते कांडीच्या टोकांवर सारवत होतो. वर दिवा लावून भाजत होतो. काचेच्या पट्टीवर तो बोळा फिरवून वाळवला तर धुरकट डाग नुसत्या डोळ्यांना दिसला. पुसणं हीच आपली घाण होती. दुसऱ्या कुठल्या खोलीत हे घडलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाच्या मायनं कापूस पाठवला नसता.

मी एकटाच खोलीत मोठ्यानं हसलो. मग पोस्टकार्ड घेतलं. "प्रिय उत्तम" एवढं लिहिलं. आणि थांबलो. वाटलं, छे, हे कार्डावर कसलं सांगायचं? हा परत आला की काही बोलायचं नाही. पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा, दोन बोळे टाकायचे, सुई दाखवायची, आणि याचं तोंड पाहायचं. तू आधी म्हणशील "शक्यच नाही", मग खुर्ची मागं ढकलशील, मग मायच्या कापसाची बाजू घेऊन माझ्याशीच भांडशील. मी सगळं मनात मांडून ठेवलं होतं. पेला धुऊन पालथा घालून ठेवला होता. तू सोमवारी येणार होतास.

सोमवारी तुझ्या भावाची तार आली. उत्तम गेला, कावीळ. मी तार हातात घेऊन पहिला विचार काय केला असेल? की ही तार वाशिमहून आली, म्हणजे अनसिंगहून कुणीतरी वाशिमला एसटीनं गेलं असेल, पोस्टात उभं राहिलं असेल, आणि गाडी चुकली, उद्या निघतो, असं कळवायचं सोडून असलं काहीतरी चुकीचं लिहून बसलं. मी साहेबांना म्हणालो, मजकूर चुकलाय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

काचीगुड्याहून गाडी धरली. वाशिमला उतरून एसटी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं पांढरी झालेली, बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. मला त्या कापसाकडं पाहवेना. तार वाटेत रखडली होती, त्यामुळं मी पोचेपर्यंत तुझा जलदान विधीही होऊन गेला होता. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तुझा पदवीचा तो काळ्या झग्यातला फोटो, पुढं मेणबत्ती. त्या फोटोत तू फार शहाणा दिसतोस, कुणाला खरं वाटणार नाही.

माय रडली नाही. तिचं रडून झालं होतं. म्हणाली, कावीळ डोक्यात गेली, वाशिमच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कुणाला ओळखत नव्हता. "तापात तो तुमचंच काम बोले बाप्पा. कुठून गळते सापडून नाही राह्यलं, म्हने. माये, कुठून गळते पाय ना, म्हने. रातदिवस तेच. डोये मिटे नाही त्याचे."

मग उठून आतून एक गाठोडं घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं, मऊ, मोठं. नवा कापूस. "हे त्यानं तुह्यासाठी करून ठेवाले सांगतलं होतं. तो बिमार पडला तई अर्धं झालं होतं, बाकी मी तो गेल्यावर केलं. काम अडलं असन ना तुमचं."

तू गेल्यावर, उत्तम. तू गेल्यावर तिनं बसून सरकी काढली, प्रयोगशाळेतलं काम अडू नये म्हणून.

मी गाठोडं घ्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. तिनं विचारलं, "काय झालं?" खोटं बोलायचं ठरवूनच मी गेलो होतो. घ्यायचं, थैलीत घालायचं, तुझ्या कापसानं फार काम झालं माय असं म्हणायचं आणि निघायचं. पण तुझं ते गळतीचं ऐकल्यावर मला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मेण, पाण्याचा पेला, सुई. उत्तमचा आकडा पहिल्यापासून बरोबर होता आणि काहीच गळत नव्हतं. सांगताना मी खाली पाहत होतो. मला भीती वाटत होती, ती म्हणेल, म्हणजे माझ्या कापसानं माझ्या पोराचं वाटोळं केलं का.

ती तसं काही म्हणाली नाही. कापसाचं तिला काहीच वाटलं नाही. "मशीनीले नाही चालत तं उशीले घे," एवढंच म्हणाली आणि गाठोडं माझ्याकडं सरकवलं. मग जराशानं विचारलं, "हे तुले कधी समजलं?"

मी सांगितलं. तू रजेवर गेलास त्याच आठवड्यात.

"त्याले मालूम होतं?"

"नाही, माय."

"मंग त्याले काहून नाही सांगतलं बाप्पा?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. "एक कारड टाकाचं होतं. मी वाचून घेतलं असतं कोनाजोळून. त्याच्या कानाशी सांगतलं असतं."

मी काय सांगणार होतो तिला? की मला त्याचं तोंड पाहायचं होतं? ती उठली, मेणबत्तीची वात वाकली होती ती बोटानं सरळ केली, आणि मला आणखी चहा ठेवते म्हणाली.

अहवाल काल टाइप करून साहेबांकडं दिला. गळतीचं अक्षर काढून टाकलं. मोजमाप आधी का कमी आलं, तिथं साहेब म्हणाले, "पृष्ठभागावरील अशुद्धी" लिहा. मी कापूस लिहिलं. नाव तुझं आधी आहे, ठरलं होतं तसं. गाठोडं तुझ्या खुर्चीवर आहे, ते सोडवायची माझी हिंमत होत नाही. पेला तसाच पालथा आहे. कार्डावर "प्रिय उत्तम"च्या पुढं अजून काही नाही, म्हणून हे इथं लिहितो आहे, आणि हे वाचून दाखवायला तुझ्या कानाशी आता कुणी नाही.

सापडलं, उत्तम. कुठूनच गळत नव्हतं. भिताड शाबूत होतं, तुहं गणितही शाबूत होतं. मिट आता डोये.